मॅग्नेटवाला ३ बाय ३ क्यूब: टोपणाखालचे सहा स्क्रू

५६ मिमीच्या मॅग्नेटिक रुबिक क्यूबचा थर फिरवला की शेवटी हलकी 'टिक्' जाणवते आणि तो नीट जागेवर बसतो. हातात घेताच आवडतो. पण क्यूब चांगला की वाईट हे सेंटरची, म्हणजे प्रत्येक बाजूच्या मधल्या तुकड्यांची, टोपणं काढल्यावरच कळतं.

बाहेरून दिसणारे तुकडे २६: वरच्या थरात ९, मधल्यात ८, खालच्यात ९. मधल्या थरात कोपरे नाहीत, फक्त ४ सेंटर आणि ४ एज (दोन रंगांचे कडेचे तुकडे). एकूण ८ कोपरे, १२ एज, ६ सेंटर. सेंटर आतल्या कोअरला स्प्रिंग आणि स्क्रूने जोडलेले असल्यामुळे एकमेकांच्या तुलनेत जागा बदलत नाहीत. प्रत्येक कोपऱ्यात ३ आणि प्रत्येक एजमध्ये २ असे ४८ मॅग्नेट. आत खुळखुळ ऐकू आली तर एखादा सुटलाय. चिकटवताना ध्रुव तपासा, उलटा बसला तर तुकडे एकमेकांना ढकलतील.

नव्या क्यूबमध्ये सहाही स्क्रूंचा ताण बरेचदा सारखा नसतो. एक बाजू जड, दुसरी सैल. टोपण नखाने उचकटा आणि एका वेळी पाव फेराच द्या, समोरासमोरच्या जोडीने. फार घट्ट केलं तर शेजारचा थर थोडा तिरका असताना फिरणं अडतं. फार सैल केलं तर एज निखळतो किंवा कोपरा जागच्या जागी वळतो. हे दुसरं जास्त छळतं, कारण सगळा क्यूब सोडवून होतो आणि एकच कोपरा चुकीचा राहतो. सोडवण्याची सूत्रं (थर फिरवण्याचे ठरलेले क्रम) पुन्हा पुन्हा घोकून उपयोग नाही. तो कोपरा हातानेच वळवायचा.

क्यूब उघडायचा असेल तर वरचा थर ४५ अंश फिरवून अंगठ्याने एज वर उचला. जोडताना खालून वर या, शेवटचा तुकडा एजच ठेवा आणि रंग सोडवलेल्या क्यूबसारखे जुळवा. तुकडे वाटेल तसे बसवले तर तो फिरवून सोडवता येण्याची शक्यता १२ पैकी १.

वंगण सिलिकॉनचं, दोन-तीन थेंब. घरातलं तेल धूळ धरतं. पेट्रोलियम जेली तर नकोच, प्लास्टिक खराब होऊ शकतं.

तक्रार एकच: मॅग्नेटची ताकद कमी-जास्त करता येत नाही. नवशिक्याला त्याने फरक पडत नाही. भरभर फिरवणाऱ्याने मात्र मॅग्नेट ॲडजस्ट करता येणारा क्यूब पाहावा.