ई-रीडरवर नऊ महिने: रहस्यकथांना चपखल, फँटसीला जमवून घ्यावं लागलं

सहा इंची, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन नऊ महिने झाले. मी रहस्यकथांची वाचक, माझी मैत्रीण फँटसीची. गेली कित्येक वर्षं आम्ही एकमेकींना "हे वाचच" म्हणून पुस्तकं सुचवत आलोय. पूर्वी तिनं सुचवलेलं पुस्तक हातात पडेपर्यंत ती कशामुळे इतकी भारावली होती तेच मी विसरलेली असायचे. आता तिचा निरोप आला की दोन मिनिटांत सॅम्पल, म्हणजे पुस्तकाचा सुरुवातीचा भाग, उतरवून घेते. आतापर्यंत 31 कादंबऱ्या झाल्या, त्यातल्या 19 रहस्यकथा आणि 12 फँटसी. त्यामुळे हा अनुभवही या दोन प्रकारांपुरताच.

डोळ्यांना त्रास अजिबात नाही. ई-इंकच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या अतिशय बारीक कुप्या असतात. विजेच्या भारानं ते कण वर-खाली सरकतात आणि अक्षर एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणूनच बॅटरी मला तीन-तीन आठवडे पुरते. रीडरचा स्वतःचा दिवा पूर्ण ठेवून वाचलं तर कमी. मागच्या पानाची पुसट छाया कधीकधी राहते, ती सेटिंगमधून घालवता येते.

रहस्यकथा वाचताना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. इन्स्पेक्टरनं एकाला बेड्या घातल्या आणि माझी नजर खाली कोपऱ्यात, किती वाचून झालं ते दाखवणाऱ्या आकड्यावर गेली. 58 टक्के! म्हणजे हा खुनी नाही, लेखकानं कितीही ठासून सांगितलं तरी नाही. छापील पुस्तकातही उरलेली पानं बोटांना जाणवतात, पण तो अंदाज असतो. इथं आकडाच समोर. मी तो आकडा त्याच दिवशी बंद केला. रहस्यकथा वाचणाऱ्या प्रत्येकानं ई-रीडर घेतल्या घेतल्या हे एवढं करावंच. शिवाय तो आकडा फसवतोही. अनेक पुस्तकांच्या शेवटी त्याच लेखकाच्या पुढच्या कादंबरीचं एखादं प्रकरण जोडलेलं असतं. एकदा मी 91 टक्क्यांवर होते, अजून एक वळण येणार म्हणून सरसावून बसले, आणि पान उलटलं तर गोष्ट संपलेली. चांगल्या शेवटाची चव त्या एका अपेक्षेपायी गेली, याचं अजून वाईट वाटतं.

पण शोधायची सोय म्हणजे रहस्यकथेच्या वाचकाला मिळालेलं खरं सुख आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिला असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. आता खुनी कळला की मी त्याचं नाव टाकून शोधते. पहिला उल्लेख कुठे, दुसरा कुठे, त्या वेळी तो खोलीत कुणाशेजारी उभा होता, सगळं ओळीनं समोर येतं. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'चा शेवट वाचून रात्री मी अशीच मागे गेले. शेवट सांगत नाही, पण तीच वाक्यं दुसऱ्यांदा वाचताना काटा आला. काहीही लपवलेलं नव्हतं. पहाटेपर्यंत मी ती कादंबरी अशी मागून पुढे वाचत बसले होते. कागदी पुस्तकात इतक्या बारकाईनं मागे जाणं मला कधीच जमलं नव्हतं. फक्त एक पथ्य पाळा: वाचन चालू असताना कुणाचं नाव शोधू नका, पुढच्या पानांतल्या ओळीही यादीत दिसतात.

फँटसीच्या बाबतीत मात्र सॅम्पलनं घोळ केला. सॅम्पल म्हणजे साधारण पहिले दहा टक्के. रहस्यकथेत तेवढ्यात मृतदेह सापडतो, माणसं भेटतात, निवेदकाचा आवाज कळतो, आणि पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरतं. फँटसीत त्याच दहा टक्क्यांत नकाशा, पात्रांची यादी, हजार वर्षांपूर्वीचं एखादं युद्ध, आणि नायिका जेमतेम घराबाहेर पडतेय तोवर सॅम्पल संपतं. पहिल्या दोन महिन्यांत मैत्रिणीनं सुचवलेली चार पुस्तकं मी अशी नाकारली. शेवटी ती म्हणाली, "अगं, अंगणातूनच परत जातेस तू. आत तरी ये." तिला वाईट वाटलं होतं आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून ती पुस्तकाबरोबर एक खूणही सांगते: "त्या नदीपर्यंत वाच, मग ठरव." त्या चारांपैकी दोन पुस्तकं मी पुन्हा उघडली आणि त्यातलं एक आता माझ्या अगदी आवडत्या पुस्तकांत आहे. मीही तिला रहस्यकथा सुचवताना "शेवट धक्का देणारा आहे" म्हणणं सोडलं. तेवढं सांगितलं तरी वाचक पहिल्या पानापासून सगळ्यांकडे संशयानं बघायला लागतो.

नकाशे ही या यंत्राची सगळ्यात मोठी उणीव. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (1968) जग म्हणजे असंख्य बेटं आणि मधे समुद्र. नायकाची नाव एका बेटावरून दुसऱ्याकडे जाते तेव्हा अंतर डोळ्यांनी दिसावं लागतं. सहा इंचांत त्या बेटांची नावं मुंगीएवढी होतात आणि मोठं करून पाहिलं तर करड्या रंगात फाटतात. मी नकाशाचा मोठा प्रिंट काढला, घडी करून रीडरच्या कव्हरमध्ये ठेवला. नाव निघाली की घडी उघडायची, बोट ठेवायचं, पुन्हा वाचायला लागायचं. या वाचनाला वेगळीच मजा आली. परिशिष्टं आणि शब्दसूचीसाठी आधीच खूण करून ठेवते, कारण लेखकानं घडवलेले शब्द रीडरच्या शब्दकोशात कुठून असणार? जाडजूड, नकाशेवाल्या मालिकाच प्रामुख्यानं वाचणार असाल तर सहाऐवजी आठ इंची घ्या.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. विकत घेतलेलं ई-पुस्तक माझ्या खात्याला बांधलेलं, ते मैत्रिणीच्या हातात ठेवता येत नाही. समासात पेन्सिलीनं "इथे थांब!" लिहून तिला पुस्तक द्यायची सवय होती, ती तुटली. आता हायलाइट केलेल्या ओळी मी तिला पाठवते, तीही तिच्या पाठवते. आणि एखादी कादंबरी फारच आवडली तर तिची छापील प्रत घेऊन, समासात लिहून, तिला देते. नऊ महिन्यांत अशी तीन पुस्तकं झाली. चौथं कुठलं ते कळेलच, कालच तिनं सांगितलंय, "दीपगृहापर्यंत वाच."