शोधनिबंधाच्या दोन वाटा: शासकीय वर्गणी की लेखकाची प्रत?

पैसे भरल्याशिवाय न उघडणारा शोधनिबंध वाचायचा असेल, तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कापसावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी आपल्या ग्रंथालयाकडे वळावे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सामाईक वर्गणीच्या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. मात्र हा प्रवेश संस्थेमार्फत मिळतो. महाविद्यालय खाजगी विनाअनुदानित असेल किंवा शिक्षण संपले असेल, तर दार बंदच राहते, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते.

दुसरी वाट लेखकाच्या प्रतीची. अनेक प्रकाशक अंतिम मांडणीपूर्वीची स्वीकृत प्रत (म्हणजे छापण्यासाठी मान्य झालेला लेखकाचा मजकूर), काही वेळा ठरावीक मुदतीनंतर, विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवू देतात, आणि ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरमधले मोफत साधन अशी कायदेशीर प्रत शोधून देते. ती न सापडल्यास शीर्षक व डीओआय (निबंधाची कायमस्वरूपी डिजिटल ओळख) क्रमांक लिहून लेखकालाच नम्र ईमेल पाठवावा. उत्तर येईलच असे नाही, शिवाय स्वीकृत प्रतीचे पृष्ठक्रमांक छापील निबंधाशी जुळत नाहीत; तरीही बीड-हिंगोलीकडच्या विनाअनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांना मी हीच वाट सुचवेन.