अडतीस साइट, एकही माझ्या नावावर नाही: पीबीएनच्या नादात माझे ४,०७,१०० रुपये गेले

चार महिने हे लिहायचं टाळलं. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण मागच्या आठवड्यात अमरावतीच्या एका ओळखीच्या मुलाने मला एक एक्सेल शीट पाठवली आणि विचारलं, "दादा, एवढ्यात हे नेटवर्क घेऊ का?" शीट उघडली आणि हात गार पडले. ओळी तशाच, साइटही बहुतेक त्याच. किंमत फक्त वाढलेली. म्हणून आता लिहितोय. पीबीएन म्हणजे प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्क: आपल्या साइटला लिंक देऊन तिला गुगलवर वर ढकलण्यासाठी पाळलेल्या साइटचा ताफा.

मी नागपुरात घरूनच एसईओचं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या साइट गुगलवर वर आणायचं काम करतो, नऊ वर्षं झाली. मोठी एजन्सी नाही, मी आणि एक मदतनीस. गिऱ्हाइकं सगळी स्थानिक: दोन क्लासवाले, एक कॅटरर, आणि सगळ्यात जुने म्हणजे कूलर विकणारे आणि भाड्याने देणारे एक काका. नागपुरात कूलरचा धंदा किती दिवसांचा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी लोक ताट्या बदलायला काढतात, आणि जूनमध्ये पाऊस आला की संपलं. वर्षभराची कमाई त्या साडेतीन महिन्यांत करायची. काकांना मार्चच्या आधी पहिल्या पानावर यायचं होतं. त्यांच्या वरती जे दोन जण होते त्यांच्या लिंक मी तपासल्या होत्या, दोघांकडेही उघड उघड पीबीएनच्याच होत्या. हे सांगतोय कारण "तुला गुगलचे नियम माहीत नव्हते का" असं विचारणारे बरेच भेटले. माहीत होते. एप्रिल २०१२ ला पेंग्विन, म्हणजे अशा लिंकांवर चाललेल्या साइट खाली पाडणारं गुगलचं अपडेट, आलं तेव्हा मी कॉलेजात होतो, पण या धंद्यात आल्यावर त्याच्या कहाण्या ऐकतच शिकलो. मार्च २०२४ ला गुगलने मुदत संपलेली डोमेन घेऊन रँकिंग ढकलणं हे स्पॅम म्हणून वेगळं नाव देऊन धोरणात घातलं, तेही त्याच दिवशी वाचलं होतं. तरी केलं. समोरचा करतोय, त्याला काही होत नाही, आणि गिऱ्हाईक दर सोमवारी फोन करतंय, अशा वेळी काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

विकणारा माणूस एका ओळखीतून आला. नाव देत नाही, वकिलांनी सांगितलंय. नोव्हेंबर २०२४ ला त्याच्याकडून पाच साइटवर लिंक घेऊन पाहिल्या, १२,५०० रुपये. दोन महिन्यांत काकांची साइट चौदाव्या नंबरवरून आठव्यावर आली. आज मला वाटतं त्यात त्या लिंकांचा वाटा फार नसावा. त्याच काळात मी गुगलवरची दुकानाची नोंद नीट केली होती, फोटो टाकले होते, जुन्या गिऱ्हाइकांकडून साठेक रिव्ह्यू घेतले होते. पण माणसाला ज्यावर पैसे टाकले तेच दिसतं.

१९ जानेवारी २०२५, रविवार. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाताना त्याने लॅपटॉप उघडून यादी दाखवली. अडतीस डोमेन, सगळ्यांचा डीए (डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन सांगणारा आकडा) २५ ते ४०. बागकाम, प्रवास, जुनी शाळा, बंद पडलेलं योगाकेंद्र, असं सगळं. एका डोमेनचे ८,००० रुपये, म्हणजे ३,०४,०००. वेगवेगळ्या आयपीवर (सर्व्हरच्या पत्त्यांवर) होस्टिंग, वर्षाचे साइटमागे १,२००, म्हणजे ४५,६००. आणि "मॅनेजमेंट", म्हणजे लेख टाकणं, अपडेट करणं, साइट जिवंत दिसत ठेवणं, याचे महिन्याला १५,०००.

मी विचारलं, डोमेन माझ्या अकाउंटला ट्रान्सफर कधी?

तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर या लाइनचे. अडतीसची अडतीस डोमेन एका नावावर, एका रजिस्ट्रारकडे घेतली तर फुटप्रिंट नाही का पडणार? राहू द्या वेगवेगळ्या नावांवर. मालक तुम्हीच."

हे वाक्य नीट वाचा. मी त्या दिवशी वाचलं नाही. फुटप्रिंट म्हणजे सगळ्या साइट एकाच माणसाच्या आहेत हे दाखवणारा माग. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे, म्हणूनच मी फसलो. पीबीएन टिकवायचं तर मालकाचं नाव कुठे दिसता कामा नये, नेमसर्व्हर एक नको, थीम एक नको, अॅनालिटिक्सचा कोड एक नको, डोमेनची माहिती लपवलेली हवी. जी जी गोष्ट गुगलपासून लपवायची, ती ती गोष्ट विकत घेणाऱ्यापासूनही लपते. बिल नाही, करार नाही, नाव नाही, कुणाला दाखवायची सोय नाही. चोराला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

बिल मागितलं तेव्हा म्हणाला, बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वरून. ३,०४,००० वर ५४,७२० रुपये. मी ते वाचवले. बिल न घेता ५४,७२० वाचवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ते पैसे वाचत नाहीत. उद्या पोलिसांसमोर दाखवायला जो एक कागद लागतो, त्याचीच ती किंमत असते.

पैसे यूपीआयने गेले. दिवसाला लाखाची मर्यादा, म्हणून चार दिवस: एक लाख, एक लाख, एक लाख, आणि ४,०००. तीन खाती, तीन वेगळी नावं. त्याने सांगितलं घरच्यांची आहेत. होस्टिंगचे ४५,६०० आणखी एका चौथ्या नावावर.

आता त्या रात्रीबद्दल. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याने अडतीस लॉगिन पाठवली. रात्री साडेअकराला मी पहिली साइट उघडली, बागकामाची. वर्डप्रेस. डाव्या बाजूचा मेनू समोर आला: पोस्ट, मीडिया, पेजेस, कमेंट्स, प्रोफाइल, टूल्स. आणि बस. प्लगिन्स नाही, युजर्स नाही, सेटिंग्ज नाही.

ज्याने आठवडाभर वर्डप्रेस वापरलंय त्यालाही कळेल हे काय आहे ते. मला मालक म्हणून अॅडमिन दिलेलं नव्हतं, एडिटर दिलं होतं. एडिटर म्हणजे लेख लिहायला ठेवलेला माणूस. तीन लाख चार हजार रुपये देऊन मी त्या साइटवर लेखनिक झालो होतो. मी नऊ वर्षं वर्डप्रेसवर काम करतोय. दुसऱ्यांच्या साइट हातात घेताना पहिली गोष्ट मी हीच बघतो, की अॅडमिन मिळालं का. त्या रात्रीही पाहिली. दुसरी साइट उघडली, तेच. तिसरी, तेच. मी त्या मेनूकडे पाहत बसलो, आणि स्वतःला म्हणालो, सुरक्षेसाठी केलं असेल, उद्या विचारू. आणि झोपलो.

ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा होस्टिंगचे पैसे गेले नव्हते. महिन्याचे १५,००० सुरू झाले नव्हते. काकांच्या साइटला एकही लिंक जोडली नव्हती. सगळं तिथेच थांबलं असतं. सकाळी मी विचारलं, तो म्हणाला, "टेन्शन काहून घेऊन राहिले भाऊ, अॅडमिन दिलं अन् तुमच्या पोट्ट्याने चुकून प्लगिन उडवलं तर अख्खी साइट बसते." आणि मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. पैसे गेले आहेत हे मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या रात्री आणखी एक तपासणी दहा मिनिटांत झाली असती. गुगलवर साइट कोलन (site:) लिहून पुढे डोमेन टाकायचं. मी तीन आठवड्यांनी टाकलं. अडतीसपैकी अकरा डोमेनचं एकही पान गुगलमध्ये नव्हतं. डीए ३५ आणि पान शून्य! लक्षात ठेवा, डीए हा मॉझ कंपनीचा आकडा आहे, गुगलचा नाही, आणि भरताड लिंका आणि रिडायरेक्ट लावून तो फुगवता येतो. तो आकडा पाहून किंमत देऊ नका. वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या संग्रहात) प्रत्येक डोमेन उघडून मधली वर्षं बघा. माझ्या योगाकेंद्राच्या डोमेनवर मधली दोन वर्षं परदेशी जुगाराची पानं होती.

तरी फेब्रुवारीत अडतीस साइटवर काकांचे लेख लागले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते चौथ्या नंबरवर होते. काकांनी दुकानात बोलावून चहा पाजला. गोदामात दोनशे कूलर जास्तीचे भरले, माझ्या शब्दावर.

१७ एप्रिल, गुरुवार. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, जिथे साइटमालकाला निरोप येतात, मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे गुगलच्या माणसाने लावलेला दंड. कारण, साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक. दुपारपर्यंत साइट पहिल्या पाच पानांत नव्हती. संध्याकाळी काकांचा फोन. "बापू, एप्रिल चालू आहे अन् फोनच नाही वाजून राहिला. काय झालं?" मी खोटं बोललो. म्हणालो, गुगलचं अपडेट आहे, दोन दिवसांत होईल.

त्या रात्री सगळं तपासलं, जे जानेवारीत तपासायला हवं होतं. अडतीस डोमेनना पिंग मारला. एकतीस साइट एकाच आयपीवर. वेगवेगळ्या आयपीचे म्हणून दिलेले ४५,६०० रुपये कुठे गेले ते तेव्हा कळलं. प्रत्येक साइटवर माझ्या लेखांच्या मध्ये दुसऱ्यांचे लेख: पुण्याचे पॅकर्स, कर्ज देणारे अॅप, जुगार, केसगळतीचं तेल. जे नेटवर्क फक्त माझं म्हणून विकलं होतं ते किमान वीसेक जणांना विकलेलं होतं. अशा साइट गुगलच्या डोळ्यांत न भरतील तरच नवल.

दंड उठवायचा तर आधी लिंक काढाव्या लागतात. मी लेख डिलीट करायला गेलो. पासवर्ड चालेना. अडतीसही बंद. त्याला फोन केला. दोन दिवस बिझी, मग ब्लॉक. एप्रिलचे १५,००० त्याने एक तारखेलाच घेतले होते. वर्धा रोडवर एका सामायिक ऑफिसात त्याची बसायची जागा होती, तिथे गेलो तर खुर्ची रिकामी. मार्चमध्येच सोडली म्हणाले.

मग सुरू झाल्या फेऱ्या.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "वेबसाइट तुमच्या नावावर होती का?" नाही. "मग चोरी काय गेलं?" लिंक विकत घेतली म्हणजे काय हे मी पाऊण तास समजावलं. शेवटी हवालदार म्हणाले, म्हणजे तुम्हीही गुगलला फसवतच होतात ना? मी गप्प. मी कुणाच्या खिशातून पैसे काढले नाहीत, माझ्या खिशातून काढलेत, हे बोलायला तोंड उघडलं नाही. तिथून सायबरला पाठवलं. तिथे म्हणाले, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, म्हणजे हा दिवाणी वाद, कोर्टात जा. मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ छापून नेलं होतं, फसवणुकीचं. वाचलंही नाही. पुढच्या फेरीला सांगितलं, व्हॉट्सअॅपचे चॅट असे चालत नाहीत, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून आणा. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? त्यासाठी पुन्हा आठवडा. नवतपा सुरू, दुपारी दोनला गाडीची सीट पोळायची, आणि मी फाइल छातीशी धरून या इमारतीतून त्या इमारतीत. बँक म्हणाली, समोरच्या खात्याची माहिती पोलिसांचं पत्र आल्याशिवाय देता येत नाही. पोलीस म्हणाले, खातं कुणाचं ते बँकेकडून लिहून आणा, मग पत्र देऊ. दोघांच्या मध्ये मी तीनदा गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा ज्यांच्याकडे फाइल होती त्या साहेबांची बदली झाली होती. नवीन साहेबांनी विचारलं, "हे पीबीएन म्हणजे काय?" पुन्हा पहिल्यापासून. पोच म्हणून एक नंबर मिळालाय, त्यापुढे काही नाही. डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रारने कळवलं, मालकाची माहिती गोपनीय, कोर्टाचा आदेश आणा. ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं. २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहकात बसत नाही, फक्त स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते, तुम्ही त्यात बसता हे आधी सिद्ध करावं लागेल. नोटीस पाठवली, ४,५०० रुपये. "पत्त्यावर राहत नाही" शेऱ्यासह परत आली.

पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत रोखले जाऊ शकतात. मी तीन महिन्यांनी जागा झालो होतो.

काकांना मेच्या पहिल्या आठवड्यात खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. गोदामाचं शटर वर करून कूलर दाखवले फक्त. मी त्यांच्याकडून वर्षभरात घेतलेले ९०,००० परत केले. डिसअव्हाव फाइलमध्ये (या लिंका मोजू नका असं गुगलला सांगणारी यादी) अडतीस ओळी लिहून दंड उठवायचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, कारण लिंक काढायचा प्रयत्न केल्याचा पुरावा पुरेसा नव्हता. मग त्या माणसाला पाठवलेल्या सगळ्या मेल, बंद लॉगिनचे स्क्रीनशॉट, नोटिशीचं पाकीट, सगळं मांडून दुसरा अर्ज. जूनच्या शेवटी दंड उठला. बाहेर पाऊस पडत होता.

४,०७,१०० त्याला, ९०,००० काकांना, ४,५०० वकिलांना. एकूण ५,०१,६००.

नऊ डोमेनची मुदत मेमध्येच संपली, त्याने पैसे भरले नाहीत. त्याजागी नवीन नऊ घालून अडतीसचा आकडा पुन्हा पूर्ण केलाय, अमरावतीच्या मुलाला आलेल्या शीटमध्ये दिसतं. तुम्हाला कुणी अशी यादी दिली असेल, पहिली ओळ बागकामाची असेल, आणि लॉगिन केल्यावर डावीकडे प्लगिन्स दिसत नसेल, तर त्या क्षणी थांबा. उद्यावर ढकलू नका. आधी यादी मला दाखवा, माझ्याकडे अडतीसही नावं आहेत, मी ओळीला ओळ जुळवून देतो.