जुने आर्मेचर हातचे गेले

औशाच्या माझ्या आत्याचा सुमीत मिक्सर दुरुस्त करून देण्याचे काम मी मागच्या उन्हाळ्यात अंगावर घेतले. त्या कामात माझी दोनदा फसवणूक झाली. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण ज्या वस्तूच्या भरवशावर तो मिक्सर पुन्हा चालू झाला असता ती वस्तू, म्हणजे मोटारीत फिरणारा तार गुंडाळलेला गाभा, आर्मेचर, मी स्वतःच्या हाताने बांधून फसवणाऱ्याकडे पाठवली, याचे दुःख अधिक आहे. जुनी यंत्रे टाकून न देता दुरुस्त करणारे माझ्यासारखे लोक गावोगाव आहेत आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून तेही माझ्यासारखेच परक्या माणसाच्या शब्दावर जातात, म्हणून हे लिहीत आहे.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि हा मिक्सर तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता. दर उन्हाळ्यात भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून वर्षभराचे येसर याच मिक्सरवर होत असे. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने आपल्याकडच्या वाटणासाठी, म्हणजे ओल्या डाळी-तांदळापासून हळकुंडापर्यंत सगळे झेपेल असे जे यंत्र घडवले, त्याच घराण्यातला हा मिक्सर, त्यामुळे तो इतकी वर्षे टिकला यात मला नवल वाटत नाही. बिघाडही तसा साधाच होता. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे झिजून अगदी आखूड झाले होते, ते वेळेवर न बदलल्यामुळे कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, ठिणग्या पडत राहिल्या, त्या पट्ट्या काळ्या पडल्या आणि शेवटी आर्मेचरची कॉइल जळाली. दोन कार्बन वेळेवर बदलले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

लातूरच्या गंजगोलाई परिसरात जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणारे एक अनुभवी कारागीर आहेत. त्यांनी आर्मेचर पाहून सांगितले होते, “शाफ्ट सरळ आहे, लोखंड चांगले आहे. कम्युटेटर नवा घालून मी भरून देतो, आठ दिवस लागतील.” तेव्हाच ते त्यांच्या हाती दिले असते तर बरे झाले असते. परंतु आत्याच्या मिक्सरमध्ये कारखान्यातून आलेले, कधीही न वापरलेले आर्मेचरच बसवायचे, असे माझ्या मनाने घेतले होते. त्या बनावटीचे भाग आता दुकानात मिळत नाहीत हे ठाऊक असूनही मी मोबाइलवर शोधत राहिलो, आणि एका विक्रेत्याने आपल्याकडे जुन्या साठ्यातला तोच भाग असल्याचे सांगून फोटो पाठवला. फोटोतल्या कम्युटेटरवर कार्बनचा एकही ओरखडा नव्हता. मी शाफ्टची लांबी, बेअरिंगचे माप आणि कम्युटेटरच्या पट्ट्यांची संख्या विचारली. तेव्हा तो म्हणाला, “दादा, मापात चूक नको. तुमचे जुने आर्मेचर पाठवा, शेजारी ठेवून जुळवतो. जुने जमा केले तर २,६०० चे १,८०० ला देतो.”

ही सवलत म्हणजेच सापळा होता. जळालेले आर्मेचर निरुपयोगी वाटते, पण ते तसे नसते. त्याचे लोखंड, शाफ्ट आणि आटे मूळचे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारागीर त्याची तार उलगडून किती फेरे, कोणत्या जाडीची तार आणि कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत, हा सगळा हिशेब काढू शकतो. जुन्या यंत्राचा हा हिशेब दुसरीकडे कुठेही लिहिलेला मिळत नाही. मी त्याचे वजन केले नाही, सर्व बाजूंनी फोटो काढले नाहीत, साधी खूणही केली नाही. पैसे आधी पाठवले आणि मागोमाग पार्सलही.

बारा दिवसांनी जे आले ते चकचकीत होते, त्यावर वार्निशचा जाड थर होता. मी ते बसवले, रिकामा मिक्सर व्यवस्थित फिरला. आत्याकडे नेऊन भिजवलेली डाळ टाकली आणि तीन-चार मिनिटांतच जळका वास येऊन मिक्सर बंद पडला. कारागिरांनी ते आर्मेचर बाहेर काढले, कॉइलच्या टोकाची तार चाकूने खरवडली आणि माझ्यापुढे धरली. तांबूस रंगाच्या मुलाम्याखाली पांढरी ॲल्युमिनियमची तार होती. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते, म्हणून तितक्याच जाडीची तार भाराखाली लवकर तापते. शाफ्टही कानस मारून बेअरिंगच्या मापाला आणलेला होता. या मोटारीत आर्मेचर आणि त्याच्याभोवतीची स्थिर फील्ड कॉइल एकाच साखळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे आर्मेचरमध्ये शॉर्ट होताच जास्तीचा प्रवाह फील्ड कॉइलमधून गेला आणि इतकी वर्षे शाबूत असलेली ती मूळ कॉइलही जळाली.

मी विक्रेत्याला फोन करून जुने आर्मेचर परत मागितले. त्याने अतिशय नम्रपणे चूक कबूल केली आणि पैसे व पार्सल दोन्ही परत करतो म्हणाला. मी तेव्हा लातूरच्या बसस्थानकावर गाडीत चढण्याच्या घाईत होतो. त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि परताव्यासाठी तो स्कॅन करून पिन टाका असे सांगितले. मी पिन टाकला आणि माझ्याच खात्यातून ३,६०० रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. हे मला माहीत होते, तरीही हातून घडले, कारण त्या क्षणी माझे सगळे लक्ष आर्मेचर परत मिळण्याकडे होते. आपल्याला जी वस्तू हवी असते तिचे नाव घेऊनच असा माणूस आपली सावधगिरी काढून घेतो.

लाजेने मी दोन दिवस कुणाला काही सांगितले नाही आणि ही माझी आणखी एक चूक ठरली. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार केली तर पैसे समोरच्या खात्यातून पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. मी तक्रार केली तोवर ते खाते रिकामे झाले होते. व्यवहार माझ्याच पिनने झाल्यामुळे बँकेनेही जबाबदारी घेतली नाही. ज्यांनी वस्तूसाठी पैसे देऊन वेगळीच वस्तू मिळवली आहे त्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि पावती हाताशी हवी. पार्सल पाठवलेला पत्ता सोडला तर माझ्याकडे केवळ एक मोबाइल क्रमांक होता आणि तो आता लागत नाही.

आत्याला सांगायला गेलो तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “लेकरा, पैशाचं राहू दे. माझं जुनं मशीन तरी आहे ना तुझ्यापाशी?” मशीनचा सांगाडा आहे असे मी सांगितले. त्याहून अधिक सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मागच्या महिन्यात उदगीरच्या एका भंगाराच्या दुकानात त्याच बनावटीचा फुटलेला मिक्सर मिळाला. त्याचे आर्मेचर जळालेले आहे, पण शाफ्टची लांबी आणि बेअरिंगचे माप आमच्या सांगाड्याशी जुळते, आणि फील्ड कॉइल चांगली निघाली. ते आर्मेचर मी सोनाराच्या काट्यावर तोलले, वजन वहीत लिहिले, लोखंडाच्या कडेला कानशीने दोन खुणा केल्या आणि स्वतः गंजगोलाईला नेऊन कारागिरांच्या हाती दिले. त्यांनी माझ्यासमोर पहिली कॉइल उलगडून फेरे मोजले आणि तो आकडा त्याच वहीत वजनाखाली लिहून घेतला.