माये-ब्रेझे, नाँत : जहाजांची चित्रं काढायचा नाद असेल तर जाच

जहाजाचं साइड प्रोफाइल (बाजूने दिसणारं अख्खं चित्र) काढणाऱ्यांसाठी फ्रान्समध्ये या म्युझियम झालेल्या जुन्या युद्धनौकेपेक्षा भारी जागा मी तरी पाहिली नाही, फक्त माझ्यासारखा घोळ घालू नका. मी उतावळेपणाने थेट तिकीट काढून वर चढलो, दोन तास फिरलो, खाली आलो तेव्हा वहीत तोफ, खुंटे, दारांच्या बिजागऱ्या सगळं होतं, पण अख्खं जहाज कुठेच नव्हतं! धक्क्यावर उभं राहून १३० मीटरचं धूड नजरेत मावतच नाही हो.

दुसऱ्या दिवशी लोआर नदी ओलांडून समोरच्या बेटावर गेलो, पिवळी टायटन क्रेन आहे त्या अंगाला. तिथनं बोट आडवी दिसते. आधी वॉटरलाइन (पाणी टेकतं ती रेघ), मग फनेल (धुराडं) आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) जागा, बारीकसारीक नंतर. १:३५० प्रमाणात काढली तर साधारण ३८ सेंमी होते, म्हणजे ए-थ्रीवर जेमतेम बसते, आणि कठडा उरतो फक्त ३ मिमीचा, तिथे ०.०५ मिमीचंच पेन लागतं (मी घेतलेलं स्वस्तातलं पेन पसरलं, एक कागद वाया).

घरी बसून काढलेलं माझं जुनं चित्र तर निव्वळ खिचडी निघालं. १९५७ ला नौदलात आली तेव्हा हिच्यावर १२७ मिमीच्या जुळ्या तोफांचे तीन बुरुज होते, साठच्या दशकाच्या शेवटी ते काढून मालाफॉन हे पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्र बसवलं. टी-४७ वर्गाच्या १२ विनाशिका, त्यातल्या पाचांना हा अवतार, चारांना टार्टार क्षेपणास्त्रं, उरलेल्या तीन कमांड शिप, त्यामुळे फोटोचं साल न बघता काढलंत की फसलात. मालाफॉन जवळून बघा, पंखवालं ग्लायडरच आहे ते, पोटात टॉर्पेडो घेऊन उडायचं.

आणखी एक, बाजूचा पत्रा फ्रेमच्या (आतल्या आधाराच्या फासळ्यांच्या) मधेमधे किंचित आत दबलाय, हडकुळ्या बैलाच्या बरगड्यांसारखा. शाईने काढायला गेलात तर घाण दिसतं, टूएच पेन्सिलीची हलकी सावली पुरते.

१९८८ पासून म्युझियम म्हणून तरंगतेय. आपल्या जुन्या विक्रांतचं २०१४ ला भंगार झालं ते आठवून वर चढताना जरा पोटात कालवलंच. असो. ट्राम १, गार मारितीम स्टॉप. जिने खडे आहेत, मोठी बॅग नको. परत गेलो की मागच्या टोकाला ओढत न्यायच्या सोनारची (आवाजाने पाणबुडी शोधायच्या यंत्राची) यंत्रणा आहे ना, तेवढीच काढणार, तिला एक आख्खा कागद लागेल.