सुबारू डब्ल्यूआरएक्स: मूळ एअरबॉक्स की बाजारातला इनटेक?

२०१५ च्या डब्ल्यूआरएक्सचे दोन लिटरचे टर्बो इंजिन २६८ अश्वशक्ती देते. या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, किती ठेवायचा हे ईसीयू (इंजिनचा संगणक) वेस्टगेटमार्फत, म्हणजे टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट वळवणाऱ्या झडपेमार्फत, ठरवतो. त्यामुळे मूळ एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, काढून मोकळा इनटेक (हवा आत घेणारी नळी आणि उघडा फिल्टर) बसवल्यावर टर्बोचे श्रम थोडे हलके होतात, पण ठरलेली मर्यादा ओलांडली जात नाही. आवाज मात्र खुलतो: थ्रॉटल सोडताच टर्बोचा सुस्कारा केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येतो, आणि अनेकांना तीच वाढलेली ताकद वाटते.

खरा धोका इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरपाशी आहे. त्याची तापलेली तार मूळ नळीच्या व्यासाला अनुसरून हवा मोजते. नळी रुंद झाली की तेवढीच हवा कमी मोजली जाते, पेट्रोल अपुरे पडते आणि जोर लावताना डिटोनेशन (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनला इजा पोहोचू शकते. कापडी फिल्टरला तेल जास्त झाले, तर तेही त्या तारेवर बसते.

मूळ एअरबॉक्स हवा पुढून, रेडिएटरच्या वरून घेतो, तर उघडा फिल्टर रहदारीत बॉनेटखालची गरम हवा ओढतो. म्हणून ट्यूनिंगशिवाय मी मूळ एअरबॉक्सच ठेवीन आणि कागदी फिल्टर वेळेवर बदलीन. मोठा टर्बो बसवून ईसीयू नव्याने ट्यून करून घ्यायचा असेल, तरच इनटेकचा खर्च मला रास्त वाटतो.