उशिरा येणारा माल: सेफ्टी स्टॉक ठेवावा की सेफ्टी टाइम?

एमआरपी प्रणालीत, म्हणजे कोणता माल किती व कधी मागवायचा हे ठरवणाऱ्या संगणकीय प्रणालीत, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ) १० दिवस भरला की ती १० दिवसच धरून चालते. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून भोसरीला येणारे कास्टिंग (ओतीव भाग) कधी ७ दिवसांत तर कधी १४ दिवसांत पोहोचते, याची दखल ती घेत नाही. ही अनिश्चितता झेलण्याचे मुख्य मार्ग दोन: काही नग कायम शिल्लक ठेवणे, म्हणजे सेफ्टी स्टॉक, किंवा माल गरजेच्या काही दिवस आधी मागवणे, म्हणजे सेफ्टी टाइम.

निवड करण्यापूर्वी चढउतार नेमका कशात आहे ते तपासावे. समजा, रोजचा खप ४० नग व त्याचे प्रमाण विचलन (सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप) ८ नग आहे, तर लीड टाइम १० दिवस व त्याचे विचलन ३ दिवस आहे. माल कमी पडणार नाही याच्या ९५ टक्के खात्रीसाठी नेहमीच्या सूत्राने सेफ्टी स्टॉक सुमारे २०२ नग निघतो. खपातील चढउतार पूर्ण वगळला तरी तो १९८ वरच राहतो. मात्र माल दर वेळी दहाव्या दिवशीच येऊ लागला, तर तो ४२ वर येतो. अशा भागासाठी विक्रीच्या अंदाजावर वाद घालण्यापेक्षा पुरवठादाराकडे पाठपुरावा करणे कितीतरी मोलाचे आहे, म्हणून ही आकडेमोड प्रत्येकाने आपल्या महत्त्वाच्या भागांसाठी एकदा तरी करावी, असा माझा आग्रह आहे.

याच भागाला ५ दिवसांचा सेफ्टी टाइम दिला तरी सरासरी २०० नगच जादा पडून राहतात. फरक पडतो तो क्वचित लागणाऱ्या भागात: तिथे सेफ्टी स्टॉक महिनोन्‌महिने रॅकवर गंजतो, तर सेफ्टी टाइममध्ये माल गरज असेल तेव्हाच, थोडा आधी येतो. मात्र १०० पैकी १२ कास्टिंग ब्लोहोलमुळे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे) रिजेक्ट होत असतील, तर नुसते लवकर येऊन ती तूट भरत नाही. तिथे जादा नगच हवेत. वेळ अनिश्चित असेल तर सेफ्टी टाइम आणि नगसंख्या अनिश्चित असेल तर सेफ्टी स्टॉक, हीच विभागणी व्हायबार्क आणि विल्यम्स या संशोधकांनी १९७६ साली सिम्युलेशनच्या आधारे मांडली होती.

उशिरावर उपाय म्हणून मास्टरमधील (प्रणालीतील त्या भागाच्या मूळ नोंदीतील) लीड टाइमच वाढवणे मात्र टाळावे. त्यामुळे ऑर्डरी एकदम लवकर सुटतात, फाउंड्रीत कामाची रांग वाढते आणि माल आणखी उशिरा येऊ लागतो. सॅप या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेफ्टी टाइमसाठी स्वतंत्र रकाना आहे. जादा दिवस तिथेच भरावेत आणि लीड टाइमच्या रकान्यात प्रत्यक्ष लागणारेच दिवस राहू द्यावेत.